शेकडा एकाहत्तर

इर्मेली हक्काराइनेन शिडीवर चढते
आणि छताच्या जाळीला मोजणीचा कापडी टोप लावते,
तान्ह्या मुलाला कानटोपी घालावी तसा,
चारही कडा दाबून.
खाली मी, वही घेऊन.
बाहेर कुओपिओत उणे बावीस,
आणि गोठलेल्या तळ्यावर कुणीतरी
भोक पाडून माशाची वाट बघत बसलंय.

"सतरा," ती म्हणते.
हवे होते सेकंदाला बारा लिटर.
मी लिहितो : शेकडा एकशे बेचाळीस.

वृद्धाश्रमाचा दुसरा मजला. एकोणीस खोल्या,
एकच पत्र्याचा नळ, माळ्यावर एकच पंखा.
पंख्याला माणसं ठाऊक नसतात.
वाढपी पहिल्या पानांवर सढळ हाताने ओततो
आणि पंगतीच्या टोकाला पोचेपर्यंत
त्याच्या हातात नुसता पळा उरतो,
तसा एकोणिसाव्या खोलीत वारा पोचतो :
साडेआठ. शेकडा एकाहत्तर.

तिथे उर्हो लिपास्ती असतात. उठत नाहीत.
मलमाचा वास आणि सूपचा वास,
कालचाच, अजून उभा.

मी म्हणालो, यांची झडप जरा उघडू या.
"उघडीच आहे," इर्मेली म्हणाली, "पुरती.
सगळ्यांत मागे जो, त्याला हात लावायचा नाही.
हात आखडता घ्यायचा तो बाकीच्यांनी."

म्हणून दोन दिवस आम्ही
ज्यांना भरपूर होतं त्यांचं थोडं थोडं आवळत आलो.
अर्धा आटा. पाव आटा.
एकाचं आवळलं की शेजाऱ्याचं फुगतं,
मग त्याच्याकडे जा, मग परत याच्याकडे.
एकोणीसला न शिवताच एकोणीस वर चढत होती :
चौऱ्याहत्तर, एकोणऐंशी, त्र्याऐंशी.

(आमच्या घरी पहिली खोली मी होतो.
भाऊ टोकाला. माझी झडप
कधी कुणी आवळली नाही.
हे मी वहीत लिहिलं नाही.)

पाचव्या खोलीचा हिशेब मात्र लागेना.
पंख्याच्या इतक्या जवळ, आणि चार?
इर्मेलीने जाळी काढली, कोपरापर्यंत हात घातला
आणि बाहेर ओढला एक लोकरीचा मोजा.
राखाडी, टाचेला रफू केलेला.

औने पेल्कोनेन पलंगावर ताठ बसल्या.
वय एक्क्याण्णव. खुर्चीवर कशा चढल्या असतील
ते त्यांनी सांगितलं नाही.
"गार वारा सरळ उशीवर पडतो," म्हणाल्या,
"तक्रार केली होती. शरद ऋतूत. मागच्या."

म्हणजे दोन दिवसांची सगळी मोजणी पाण्यात.
त्या एका मोज्याभोवती
अठरा खोल्या आम्ही नीट बसवल्या होत्या.
मला वाटलं, आता ही बाई ओरडणार.
इर्मेली शिडीवरच थांबली थोडा वेळ.
मग तिने जाळीची पाती एकेक करून
खिडकीच्या बाजूला वळवली,
खाली उतरली, बूट काढले,
आणि औनेबाईंच्या उशीवर डोकं ठेवून
आडवी झाली. डोळे मिटून.
"अजून लागतोय," म्हणाली. "कानाला."
पुन्हा वर. पुन्हा आडवी.
तिसऱ्या खेपेला काही बोलली नाही,
मला वाटलं झोपलीच.

मग आम्ही एक नंबरपासून सुरू केलं.

रात्री साडेदहाला सगळ्या खोल्या एका पातळीवर आल्या,
शेकडा एकोणनव्वद, कुठे एक वर, कुठे एक खाली.
तेव्हा कुठे ती माळ्यावर गेली
आणि पंख्याचा वेग वाढवला, सगळ्यांसाठी एकदमच.
मी प्रत्येक झडपेच्या दांड्यावर लाल रेघ मारत गेलो,
उद्या कुणी हलवलीच तर कळावं म्हणून.

जाताना एकोणीसमध्ये डोकावलो.
जाळीला बांधलेला कागदाचा कपटा
फडफडत नव्हता, नुसता
उचलून धरल्यासारखा तिरका होता.
उर्होंनी तो पाहिला की नाही, माहीत नाही.
पाचव्या खोलीत हीटरवर
मोजा वाळत होता, एकटाच,
त्याचा जोडीदार कुठल्या जाळीत आहे
ते विचारायचं राहून गेलं.